थांबलेला हात

माझ्याकडे पोट दाखवायला येणाऱ्या बाईला मी पहिल्यांदा हेच सांगते, की सुरुवातीला मी काहीही करणार नाही. तिनं उताणं पडायचं, गुडघ्यांखाली उशी घ्यायची, श्वास घ्यायचा आणि सोडायचा. मी तिच्या बेंबीवर हात ठेवून नुसती बसणार. दाबणं नाही, चोळणं नाही, तेलही नाही. बहुतेकींना हे पटत नाही. डोळे किलकिले करून त्या बघतात, ही बाई बसल्या बसल्या झोपली की काय. एका शाळेतल्या बाईंनी तर सरळ विचारलं, "मसाज कधी सुरू होणार?" मी म्हटलं, "सुरू आहे." त्या पुन्हा आल्या नाहीत.

हा ताओ पंथातला पोटाचा मसाज. मूळचा चीनचा, फार जुना, असं आम्हाला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या. त्या थायलंडला जाऊन शिकून आल्या होत्या आणि पुण्यात वर्ग घ्यायच्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस जे जे गिळतो ते सगळं पोटात जातं, जेवणही आणि न बोललेलं बोलणंही. राग यकृतात साठतो, भीती मूत्रपिंडात, काळजी प्लीहेत, आणि दुःख फुप्फुसात व त्याच्या जोडीच्या मोठ्या आतड्यात. बेंबीच्या आसपास वारे अडकून बसतात, त्यांना वाट करून द्यायची. आपले हात आधी चोळून गरम करायचे, मग ठेवायचे, आणि श्वासाबरोबर पोट आपणहून हाताला वर उचलून घेईपर्यंत थांबायचं. ती पोटाची परवानगी. मग बेंबीपासून सुरुवात करून बाहेर बाहेर, गोल गोल जायचं. प्रत्येक अवयवाचा श्वास सोडण्याचा एक आवाज असतो, तोही समोरच्याकडून काढून घ्यायचा. बरं करणारे आपण नाही, पोट स्वतःच बरं होतं, आपण फक्त सोबतीला बसतो, असं बाई म्हणायच्या.

यातलं सगळंच मला पटलं असं नाही. यकृताला राग कसा येतो हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण वाळूजच्या कंपन्यांत नवरे शिफ्टला जाणाऱ्या, त्यांच्या तीन तऱ्हेच्या वेळा सांभाळताना स्वतः कधी जेवलो हे न आठवणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्यांची पोटं मळलेल्या आणि मग उघड्यावर विसरलेल्या कणकेसारखी वाळून घट्ट झालेली असतात. हाताखाली ती हळूहळू सैल पडतात, गुडगुडतात, कधी कधी बाई घोरायलाही लागते. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे तेवढं मानते.

बाईंनी एक नियम घालून दिला होता. प्रत्येक पोटानंतर कोपरापर्यंत हात वाहत्या पाण्याखाली धरायचे, म्हणजे त्या माणसाचं जे काही आपल्याला लागलं असेल ते वाहून जातं. पुण्यात ठीक आहे. आमच्या संभाजीनगरात नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि तोही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. नळ आला की गल्लीभर आरडाओरडा होतो, मोटारी सुरू होतात, हातातलं काम टाकून माणसं ड्रमकडे धावतात. इथं वाहतं पाणी कुठून आणू? मी बादलीतून मगभर पाणी घेते, कोपरापासून ओतते आणि खाली कुंडी ठेवते. सगळ्या गल्लीचा राग आणि काळजी माझ्या कुंड्यांत जाते. कढीपत्ता मात्र झकास येतो.

खरं सांगायचं तर आता मी दमले आहे. अंगठ्याची मुळं ठणकतात. ज्या दिवशी दोन-तीन बायका येऊन जातात त्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरायला घेतली तरी सुरी जड वाटते. बाई म्हणायच्या, आधी रोज स्वतःचं पोट बघा, मग दुसऱ्याचं. ते माझ्याकडून कधी झालं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते, पोटावर हात ठेवायला जागं कोण राहणार?

पोट बघण्याचं काम आमच्या घरात नवं नव्हतं. माझी माय पाचोडची, आणि पाचोडला ती बेंबी बसवायची. काही जड उचललं, पाय घसरला की बेंबी जागची सरकते, मग पोट दुखतं, जुलाब लागतात, अन्नावरची वासना जाते, असं आमच्या भागात मानतात. डॉक्टर मानत नाहीत. सकाळी अनशापोटी माणसं यायची. माय बेंबीवर बोटं टेकवून ठोका कुठं लागतो ते बघायची. मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर बेंबी सरकलेली. मग बेंबीवर कणकेचा दिवा लावायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा. आतला दिवा विझला की तांब्या पोटाची कातडी ओढून धरायचा. तो निघाला की माय बोटं खुपसून पोट मधे ओढायची, माणूस बोंबलायचा, ती त्याच्या पायाच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधायची आणि गूळ-भाकर खायला द्यायची. माणूस उठून शेतावर जायचा.

माझ्या मसाजाची तिनं कायम टिंगल केली. "नुसता हात ठिवायचा तं देव्हाऱ्यात ठिव की," म्हणायची. "माणसाचं दुखनं काय लाडानं जातंय व्हय?"

तिचाही एक नियम होता. रक्ताच्या माणसाचं पोट धरायचं नाही. नवऱ्याचंही नाही. मी लहान असताना घागर उचलून माझी बेंबी सरकली, तेव्हा ती मला उन्हातून चालवत शेजारच्या गावातल्या एका म्हातारीकडे घेऊन गेली. बाजाराच्या दिवशी जिच्या हातासाठी आमच्या दारात माणसं बसून असायची, ती माझी माय त्या म्हातारीच्या दारात पाठ करून उभी राहिली. मी ओरडले तरी वळली नाही. मला फार राग आला होता. यकृतात म्हणा, आणखी कुठं म्हणा, तो बरीच वर्षं माझ्यात होता. गावभराच्या पोरींना जो हात मिळायचा तो मला का नाही? कारण विचारलं की ती म्हणायची, "तसंच असतंय."

बाबा गेले तेव्हा ती रडली नाही. बायका तिला हलवून हलवून सांगत होत्या, रड गं बाई, मोकळी हो. ती भिंतीला टेकून बसून राहिली, आणि मधेच उठून कुणी चहा घेतला, कुणी नाही ते बघून आली. लोकांनी नावं ठेवली. पुढं तिला एकटीला गावात ठेवणं बरं दिसेना, म्हणून मी तिला माझ्याकडे घेऊन आले. तिला शहर आवडलं नाही, पण नळ आला की ड्रम भरायला सगळ्यांच्या आधी तीच उभी असायची. "बस गं," म्हटलं तर मला बाजूला सारायची.

मागच्या उन्हाळ्यात तिची भाकर कमी झाली. आधी अर्धी, मग चतकोर. पोट दुखायचं, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका सकाळी मी पाहिलं तर तिनं दोन्ही पायांच्या अंगठ्यांना काळा दोरा बांधला होता.

"बेंबी सरकली," ती म्हणाली. "बादली उचलली ना, त्यानं."

"मला बघू दे, माय."

"घरच्या मानसानं धरू नाय."

"धरत नाही. नुसता हात ठेवते."

"ठिवू बी नको."

विषय संपला. गल्लीतल्या बायकांना मी पोटावर हात ठेवायला हवी होते, आणि माझ्या घरात, माझ्या बाजेवर, माझी माय माझा हात झिडकारून कुशीवर वळत होती. मी चिडले. आणि चिडल्यावर मी काय करते, तर शिकलेलं आठवते. ही बाई नवरा गेल्यावर रडली नाही. दुःख आत राहिलं. मोठ्या आतड्यात बसलं. म्हणून अन्न जात नाही. सगळं बाईंनी शिकवल्याप्रमाणे अगदी जुळत होतं. हात लावू देत नाही तर निदान आवाज काढायला शिकवावा म्हणून मी तिच्यासमोर बसले आणि फुप्फुसाचा, म्हणजे दुःखाचा श्वास कसा सोडायचा ते करून दाखवलं. दात जुळवून, लांब, "स्सस्सस्स..."

तिनं जरा वेळ बघितलं. "साप हाकलायलीस का?" म्हणाली.

मला हसू आलं आणि रडूही. "बाबांसाठी रडून घे ना एकदा, माय," मी म्हटलं. तिनं दोरा जरा घट्ट केला.

दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, बेंबीसाठी कुणी दवाखान्यात जातं व्हय? मीही फार रेटलं नाही, कारण तिच्या मते बेंबी आणि माझ्या मते दुःख, दोन्हीला दवाखाना लागत नव्हता. शेवटी माझा नवरा, जो पोटाच्या या दोन्ही विद्यांपासून चार हात लांब राहत आला आहे, वाळूजहून शिफ्ट करून आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मामींचं पोलकं बघ कसं लोंबायला लागलंय. हे बेंबीचं नाही. उद्या मी सुट्टी टाकतो." सकाळी त्यानं रिक्षाच दारात आणली. जावयासमोर तिला नाही म्हणता येईना. ती पदर सावरून बसली.

सोनोग्राफी झाली, मग आणखी एक मोठी तपासणी झाली. डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि मायला बाहेर बसवलं. मोठ्या आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पसरली होती. या वयात, हृदय इतकं कमजोर असताना ऑपरेशन झेपणार नाही, असं ते म्हणाले. दुखणं कमी राहील एवढं बघू. मोठं आतडं. बाईंच्या हिशोबात दुःखाची जागा. मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या बाईंचा, चीनचा, सगळ्या हिशोबांचा वीट आला. गाठ ही गाठ असते. तिला नवरा मेल्याचं काय ठाऊक?

"पोट कुणी दाबलं-बिबलं नाही ना?" त्यांनी विचारलं. "अजिबात दाबायचं नाही."

मी विचारलं, "नुसता हात ठेवला तर?"

त्यांनी मान वर केली नाही. "ठेवा की. हात ठेवायला काय हरकत आहे?"

बाहेर आले तेव्हा माय बाकावर शेजारच्या बाईशी सिल्लोडच्या मक्याच्या भावाबद्दल बोलत होती. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, आतड्याला सूज आहे, गोळ्या दिल्यात. "व्हय का," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली. मी माझे हात मांडीखाली घेऊन बसले होते हे मला घर आल्यावर कळलं.

नंतरचे दिवस सगळे एकाच रंगाचे होते. माझ्या बायकांना मी येऊ नका म्हणून सांगितलं. मऊ भात, पातळ वरण, गोळ्या, चादरी. तिला उचलून बसवायचं, पुन्हा निजवायचं. नवरा रात्रपाळी घेऊन दिवसा घरी थांबायला लागला आणि बसल्या जागी पेंगायला लागला. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलायचो. गोळीनं तिचं दुखणं दबायचं, पण दुपारी, पुढची गोळी द्यायला अवकाश असायचा तेव्हा, ते वर यायचं. ती ओठ मिटून बाजेची दोरी धरायची. मी शेजारी बसलेली असायचे, कामाचे हात घेऊन, आणि मला काही करता येत नव्हतं. माय जाणार हे मला कळलं होतं. पण तिच्या पोटावर एकदाही हात न ठेवता ती जाणार, हे मला सोसत नव्हतं.

अशाच एका दुपारी मी म्हटलं, "माय, तुझा नियम राहू दे बाजूला. मी दाबणार नाही. डॉक्टरनं परवानगी दिलीय."

"डाक्टरला काय कळतंय नेमातलं."

"मग तू सांग. काय आहे तो नियम? आता तरी सांग."

तिनं नजर पंख्याकडे वळवली. मला वाटलं, पुन्हा तसंच असतंय म्हणेल.

"तुझ्या बाबाचं पोट मी एकदा धरलं व्हतं," ती म्हणाली.

मी बाजेजवळ सरकले.

"लई मागं लागले. म्हनले, गावाचं धरती, माझंच काहून नाय? धरलं मग. बेंबी जागंवर व्हती. उजव्या अंगाला गेले तं हाताला दगडावानी लागलं. आन् माझा हात थांबला. काय बोलले नाय मी, नुसता हात थांबला. ते म्हनले, काय गं? म्हनलं, काय नाय, वायगोळा हाय. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग सदऱ्याची बटनं लावली आन् ढोरं सोडायला गेले."

"मग?"

"मग काय. परत इचारलं नाय त्यांनी. मी बी बोलले नाय. दवाखान्यात चला म्हनलं तं बघू म्हनायचे. तुमाला कळायच्या लई आधीपासून आमा दोघांला ठावं व्हतं. एका ताटात जेवायचो आन् दोघं बी खोटं बोलायचो. दुसऱ्याचं पोट आसलं की वाईट लागलं तरी हात पुढं सरकतोय. आपल्या मानसाच्या पोटावर थांबतोय. आन् त्याला कळतंय. म्हनून धरू नाय." ती दमली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू म्हनतीस रड. रडून झालं व्हतं गं. ढोराच्या गोठ्यात."

मी तिच्या दुःखाला मोठ्या आतड्यात जागा दिली होती, आणि ते सगळं कधीच पाचोडच्या गोठ्यात सांडून गेलं होतं. मला तिची दया आली, स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त थकवा आला. वाटलं, तिच्याच शेजारी आडवं व्हावं.

मग तिनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर असा उरला नव्हता. माझा हात तिनं लुगड्याच्या निऱ्यांवरून वर ओढला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला, बेंबीच्या जरा डावीकडे, नेमका.

"इथं," ती म्हणाली.

हात गरम करायचे असतात, तेही मी विसरले होते. माझ्या हाताखाली ते होतं. घट्ट, न हलणारं. माझा हात थांबला. तसा तो थांबणारच होता, आमच्या पद्धतीत तो थांबूनच सुरू होतो, पण हे थांबणं तसलं नव्हतं आणि ते तिलाही कळलं.

"लागलं?"

"लागलं, माय."

"काय हाय?"

वायगोळा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. सूज तर मी आधीच सांगून बसले होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तसेच बाबा तिच्या तोंडाकडे बघत असतील.

"गाठ आहे," मी म्हटलं. "बरी होणारी नाही."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्या हाताला बी तीच लागली व्हती. उन्हाळ्यातच. आधी वाटलं बेंबी हाय, मग कळलं. दोरा तुझ्यासाठी बांधला. म्हनलं, वाटू दे हिला बेंबीच हाय."

मी रडायला लागले, आवाज करून, लहान पोरीसारखी. तिनं मला रडू दिलं. तिचा हात माझ्या हातावर तसाच होता, आणि मी हुंदके देत असतानाही तिचं पोट श्वासाबरोबर हळूहळू वर यायचं, माझा हात उचलायचं आणि खाली ठेवायचं. ती परवानगी. मी शिकले तेव्हापासून कितीतरी पोटांनी मला ती दिली होती.

"हालवत नायस हात," ती डोळे मिटून म्हणाली.

"आमच्यात असाच ठेवतात."

"बरं हाय," ती म्हणाली. "गरम लागतंय." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या बाबाला मी असं खरं सांगाय पायजे व्हतं."

तेवढ्यात बाहेर गल्लीत ओरडा झाला. नळ आला, नळ आला. एकेक मोटार घरघरायला लागली, कुणाचा तरी ड्रम खडबडत दारापर्यंत आला. पाणी येऊन आठवडा होऊन गेला होता आणि आमच्या टाकीचा तळ दिसत होता. नवरा आत रात्रपाळीची झोप घेत होता.

"पानी आलं," माय म्हणाली. "जा, भरून घे."

"राहू दे."

"अगं, जाईल ना."

"जाऊ दे, माय."

तिनं पुन्हा सांगितलं नाही. तिचे ओठ सैल पडले, बाजेची दोरी तिनं सोडली होती, पोट माझ्या हाताखाली संथ वर-खाली होत होतं. मोटारी बराच वेळ चालू होत्या, मग एकेक करून बंद पडल्या आणि गल्लीत बायका बोलत आपापल्या घरात गेल्या. नळ येऊन गेला. मी उठले नाही.